अवधाण

बीडहून अंबाजोगाईला परत येत होते. आईकडे दोन दिवस राहून निघालेली, त्यामुळे हातात नेहमीची ती पिशवी: शेंगदाण्याची चटणी, ज्वारीच्या पापड्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेली मेथीची जुडी. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून एसटीत जागा मिळणं म्हणजे नशीबच. त्या दिवशी मिळाली, दोघांच्या बाकड्यावर. खिडकीशी एक म्हातारा होता. धोतर, डोक्याला मळलेली टोपी, खांद्यावर टॉवेल, पायाशी खताच्या गोणीची शिवलेली पिशवी. बस स्टँडबाहेर पडली आणि तो खोकला. छातीच्या तळापासून, भांड्यात खडे हलवावेत तसा आवाज. मी तोंड वळवलं. दुसऱ्यांदा खोकला तेव्हा मी श्वास धरून ठेवला. तिसऱ्यांदा खोकला आणि मी पर्स उचलली, पिशवी उचलली आणि सरळ मागच्या लांब बाकड्याकडे निघाले. त्यानं वर पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, समजावणीचा सूर होता. म्हणाला, "बिडीचा हाय बाई. त्याचा न्हाई."

मी ऐकलं नाही असं दाखवलं. मागच्या बाकड्यावर चाकाच्या वर जाऊन बसले आणि मांडीवरच्या पिशवीत तोंड खुपसून मेथीचा वास घेतला. येतोय का ते बघितलं. आला.

घडलं ते एवढंच. म्हणजे एवढंच नाही, पण पुढचं सांगायला मला अजून जड जातंय.

"त्याचा न्हाई" म्हणाला. कशाचा ते बोलला नाही आणि मलाही विचारावं लागलं नाही. आमची आजी अशीच बोलायची. तिच्या तोंडून मी रोगाचं नाव फार क्वचित ऐकलं. देवी आल्या की "बाई आल्यात". पटकीला नुसतंच "ती". "ती आली त्या साली तुझ्या आज्याचा थोरला भाऊ सकाळी रानात गेला अन् सांजंला न्हवता." तिच्या सासूच्या आठवणीतली मानमोडी तेवढी नावानिशी यायची, फार जुनी झाली म्हणून असेल, १९१८ सालच्या त्या साथीची नखं आजीपर्यंत येईतो बोथट झाली असावीत. बाकीच्यांचं नाव घ्यायचं नाही. घेतलं की हाक मारल्यासारखं होतं, ती वळून बघते. मी शाळेत शिक्षिका आहे, जिवाणू आणि विषाणूंतला फरक मुलांना फळ्यावर काढून दाखवते. तरी २०२१ च्या एप्रिलमध्ये आमच्या घरात त्या रोगाचं नाव आम्हीही घेत नव्हतो. "ते", "तसलं काही", "तिकडचं".

आजीच्या गोष्टींतली मला सगळ्यांत जास्त छळलेली गोष्ट मरीआईच्या गाड्याची. साथ आली की गाव लाकडाचा छोटा गाडा करायचं. त्यात देवी बसवायची, हिरवं लुगडं, बांगड्या, दहीभाताचा नैवेद्य, आणि वाजतगाजत तो गाडा शिवेपर्यंत ओढत न्यायचा. शिवेपलीकडे ठेवून मागं न बघता परत यायचं. आता शिवेपलीकडे दुसरं गाव. त्यांना सकाळी गाडा दिसला की त्यांनी तो ओढायचा पुढच्या शिवेवर. आजी सांगायची, शेजारच्या गावात साथ आहे म्हटल्यावर आमच्याकडचे गडी रात्रभर शिवेवर काठ्या घेऊन बसायचे. एकदा मी विचारलं होतं, "मग शेवटच्या गावानं कुठं न्यायचा?" ती वाती वळत होती. म्हणाली, "शेवटचं गाव नसतं माय."

मी पाचवीत होते तेव्हाची गोष्ट. १९९३ च्या ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला. आमच्या बीडच्या घरालाही त्या पहाटे हादरा बसला होता, फडताळातला एक पितळी डबा खाली पडून त्याला पोचा आला. तो डबा आईकडे अजून आहे, त्यात डाळ असते. त्यानंतर कित्येक महिने आम्ही अंगणात झोपायचो. भिंतीपेक्षा डास परवडले, असं वडील म्हणायचे. वर्ष सरत आलं, भीती जरा मावळली आणि १९९४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात गौरी-गणपतीच्या आगेमागे मामला गावाचं नाव सगळ्यांच्या तोंडी झालं. आपल्याच जिल्ह्यातलं गाव. तिथं उंदीर पडले. 'मेले' कुणी म्हणत नव्हतं, 'पडले' म्हणत होते, आणि तो शब्द ऐकून आजी जी गप्प झाली ती संध्याकाळचा दिवा लावेपर्यंत बोललीच नाही. तीसएक वर्षं देशात प्लेगची नोंद नव्हती. गल्लीतल्या तरण्या डॉक्टरानं तो पुस्तकात वाचलेला. आजीनं तो आईच्या तोंडून ऐकलेला. त्यामुळे त्या आठवड्यात गल्लीतल्या बायका डॉक्टरपेक्षा आजीकडे जास्त येत. ती एवढंच सांगायची: उंदीर पडला की घर सोडायचं, माळावर खोपी घालून ऱ्हायचं, भांडीकुंडी उन्हात टाकायची.

मोठी माणसं सांगत, हे सगळं भूकंपामुळं. हादऱ्याला भिऊन लोकांनी घरं सोडली, धान्य आत राहिलं, रिकाम्या घरांत उंदरांची चंगळ झाली. तज्ज्ञही तेव्हा हीच जोड लावत होते. आमच्या गुरुजींनी वर्गात फळ्यावर पिसू काढली, फळाभर मोठी, मागचे पाय बेडकासारखे. म्हणाले, पिसवेला उंदराशी वैर नाही की माणसाशी. तिला गरम रक्त पाहिजे. उंदीर मेला की त्याचं अंग थंड पडतं, मग पिसवा त्याला सोडतात आणि जवळ जे कुणी ऊबदार असेल त्याच्याकडे जातात. गुरुजींनी हे किती छान समजावून सांगितलं! पण माझ्या डोक्यात एकच शब्द राहिला, ऊबदार. त्या रात्रीपासून मी गोधडीतून पाय बाहेर काढून शहाबादी फरशीवर टेकवून झोपायला लागले. पाय गार पडले की पिसवांना कळणार नाही. आई झोपेत पाय आत ओढायची, मी परत बाहेर काढायची. भिंतींना पावडर मारायला माणसं आली, घरभर कडवट धुळीचा वास बसला, पिठालासुद्धा. त्या वासात मला गाढ झोप लागायची. अजूनही कुठल्या जुन्या सरकारी खोलीत तसला वास आला की उगाच सुरक्षित वाटतं.

गाठ येते, एवढं सगळ्यांना माहीत झालं होतं. काखेत, मानेला, जांघेत. मी दिवसातून किती वेळा हात फिरवून बघायची त्याला सुमार नाही. परवच्याला बसल्यावर, शाळेत प्रार्थनेला डोळे मिटल्यावर, मोरीत दार लावून. आणि एक दिवस सापडली. जांघेत, उजव्या बाजूला, चिंचोक्याएवढी. दाबली की ठणकायची.

मी कुणाला सांगितलं नाही.

तीन दिवस सांगितलं नाही. आज वाटतं, मरायची भीती दहा वर्षांच्या पोरीला कितीशी असणार? मला भीती होती गाडी येईल याची. गाडी दारात उभी राहील, सगळी गल्ली ओट्यावर येऊन बघेल, मला एकटीला मागच्या बाजूनं चढवतील आणि घरातल्यांना उन्हात उभं करतील. मी भांडणं सोडून दिली. भावाला माझी पेन्सिलींची डबी देऊन टाकली. तोच घाबरला, म्हणाला, "कामून देऊ लालीस?" चौथ्या दिवशी आजीनं चालताना पाहिलं. "लंगडायलीस कामून?" काही नाही म्हटलं. तिनं मला कोनाड्याच्या उजेडात बसवलं, परकर वर केला आणि अंगठ्यानं जांघ चाचपली. मी डोळे मिटून घेतले. आणि आजी हसायला लागली. पोट धरून. "अगं अवधाण आलंय! पाय दाखीव." टाचेत बाभळीचा काटा मोडून राहिला होता, त्याभोवती पू धरलेला. मला काट्याची आठवणच नव्हती. तिनं दिव्यावर सुई धरली, काटा काढला, गरम तेलात हळद कालवून चिंधीनं बांधली. पायाला जखम झाली की जांघेत गाठ धरते, जखम बरी होते तशी विरते. पाय अनवाणी असलेल्या सगळ्या मुलखाला हे ठाऊक, त्याला नाव आहे, त्या नावाला कुणी भीत नाही. प्लेगची गाठही पुष्कळदा तिथंच का येते, तर पिसवा पायाला चावतात. रस्ता तोच. हे मला फार उशिरा वाचून कळलं.

अवधाण दोन दिवसांत उतरलं. गाठ चाचपायची हाताची सवय मात्र सुटली नाही. पुढं कॉलेजात, परीक्षेच्या आधी, लग्नाच्या आदल्या रात्री, मुलीच्या वेळी दवाखान्यात पडल्या पडल्या, काही बिनसलं की माझा हात आपोआप काखेत जायचा. नवऱ्याला पहिली काही वर्षं वाटायचं मला खाज येते.

तोवर सुरत पेटली होती. सप्टेंबरच्या शेवटी तिकडे फुफ्फुसाचा प्लेग म्हणून बातम्या आल्या, लाखो माणसं शहर सोडून निघाली, टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून गायब. आमच्या गल्लीत एका घरी एक पाकीट होतं, ते त्यांनी देव्हाऱ्यात ठेवलेलं मी पाहिलंय. आणि त्या दिवाळीला आम्ही मामाकडे सोलापूरला गेलो. मामी दारातच थांबली. चांगली बाई, आमच्यावर जीव होता तिचा. पण म्हणाली, "वन्सं, रागावू नका, सामान तेवढं गच्चीवर उन्हात ठेवू या का दिवसभर?" माझा नवा फ्रॉक त्या सामानात होता. शेजारच्या पोरींनी विचारलं, "तुम्ही बीडच्या ना?" आणि लगोरी अर्ध्यावर टाकून घरात गेल्या. आई रात्री मामाला म्हणाली, आमच्या गल्लीत एक उंदीर मेला नाही रे. तोच हा सूर. बिडीचा हाय बाई, त्याचा न्हाई. मामीचा राग मी कितीतरी वर्षं पोसला. तिला तो माहीतही नसेल.

मग २०२० आलं. सप्टेंबरच्या मध्याला 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' सुरू झालं आणि आम्हा काही शिक्षकांना आशाताईंच्या जोडीनं घरोघर पाठवलं. हातात तापमापकाचं पिस्तूल, गळ्यात ओळखपत्र, पर्समध्ये ऑक्सिमीटर. मी त्या दिवसांत जितकी बोटं पाहिली तितकी आयुष्यात पाहिली नसतील. मेंदी लावलेली, चुन्यानं कातलेली, कापसाच्या बोंडांनी ओरखडलेली, बिडीनं पिवळी पडलेली. कष्टाच्या गार, जाड बोटांना ते यंत्र पटकन मानायचं नाही, ८८ दाखवायचं, आणि समोरच्या माणसाआधी माझ्याच पोटात गोळा यायचा. आशाताई शांतपणे म्हणायच्या, "बोट चोळा, मामा, गरम करा जरा." चोळून लावलं की ९७. एका घरी दारातच बाई उभी, पदर दातात धरलेला. घरात सगळे ठणठणीत म्हणाली. आतून खोकला आला. "म्हातारी हाय, तिचं नेहमीचंच हाय." पुन्हा खोकला. माझी आणि तिची नजर भिडली. तिच्या डोळ्यांत आजाराची भीती नव्हती. मला ती नजर ओळखू आली, त्या मोरीत दार लावून मी तशीच बसलेली होते. दारात गाडी येईल, गल्ली ओट्यावर येईल, बोळाच्या तोंडाला पत्रे ठोकतील. मी कागदावर 'लक्षणे: निरंक' लिहिलं. आशाताईंनी माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच त्या घरी गेल्या, गप्पा मारत बसल्या, म्हातारीचं बोट धरून आल्या. बरी होती ती. पण ते मला माहीत नव्हतं लिहिताना. कनवाळूपणानं लिहिलं की आत जायला नको म्हणून, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय आणि उत्तर दर वेळी वेगळं येतं.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये आमचे ऊसतोडीचे लोक कारखान्यांवरून परतले होते. कित्येक गावांनी वेशीवर काट्या टाकल्या होत्या, बोरी-बाभळीच्या. आपलीच माणसं शाळेत, रानात, झाडाखाली चौदा चौदा दिवस. मला गाडा आठवला. फक्त वाजंत्री नव्हती.

दुसरी लाट आली तेव्हा मात्र मी पार ढासळले. आमच्या घरात कुणालाच काही झालं नाही, हे आधी सांगून टाकते, कारण ज्यांच्या घरातली माणसं गेली त्यांच्यासमोर हे सगळं बोलायची मला लाज वाटते. भेटला की माणूस रामराम करायच्या आधी "स्कोअर किती?" विचारायचा, म्हणजे छातीच्या सीटी स्कॅनचा, पंचवीसपैकी किती यावर बोलणं पुढे सरकायचं. जागतिक आरोग्य संघटनेनं आदल्या नोव्हेंबरातच रेमडेसिव्हिर रुग्णालयातल्या रुग्णांना नको म्हणून सांगितलं होतं, मी ते वाचलंही होतं, तरी त्या इंजेक्शनसाठी कुणाची ओळख आहे हे वहीत लिहून ठेवलं होतं. सकाळी उठल्याबरोबर हिंगाची डबी उघडायची, नाकाशी धरायची. मग लसूण. मग खोबरेल. दुपारी एकदा पुन्हा. काळ्या बुरशीच्या बातम्या आल्या तसं आरशासमोर तोंड वासून मोबाईलच्या उजेडात टाळू बघायची. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. एकदा तिला मी स्वयंपाकघरात हिंगाची डबी हुंगताना पाहिलं. मला वाटलं खेळतेय.

एका रात्री दोन-अडीचला दचकून उठले. श्वास पुरत नव्हता. छातीवर पाटा ठेवलाय असं वाटत होतं, हाताच्या बोटांना, ओठांना मुंग्या. ऑक्सिमीटर लावला: ९९. विश्वास बसेना, दुसऱ्या बोटाला: ९९. नवऱ्याच्या बोटाला: ९७. त्याच्यापेक्षा माझा जास्त, आणि मी मरायलेय! ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला. बिचारे जागेच होते, त्या दिवसांत झोपत कुठं होते ते? त्यांनी मला बोलू दिलं, फोनवर माझं धापणं ऐकलं आणि म्हणाले, "मॅडम, तुम्हाला श्वास कमी नाही पडत, जास्त होतोय. घाबरून भराभर घेताय, त्यात आतला कार्बन डायऑक्साइड निघून जातोय, मुंग्या त्याच्याच. घेऊ नका. सोडा. हळूहळू सोडा, सहा आकडे मोजत." मी पायरीवर बसून मोजत राहिले. समोरच्या घरात दिवा होता. कुणीतरी तिथंही उठून बसलेलं होतं. डॉक्टर शेवटी म्हणाले, यंत्र चार दिवस कपाटात टाका. मी टाकलं. किल्ली नवऱ्याकडे दिली. मग तो नसताना किल्ली शोधली.

अवधाणाला निदान काटा असतो. सुई तापवून तो काढता येतो. त्या वर्षी मी आजीला फार आठवलं, तिच्या अंगठ्याला, त्या हसण्याला. आता कुणी हसून सांगणारं उरलं नव्हतं. सगळेच जांघ चाचपत बसलेले.

तर ती बस. मागच्या बाकड्यावरून मला अख्खी बस दिसत होती, त्याचं डोकं, टोपी, मी सोडलेली जागा. पुढच्या थांब्यावर एक गडी चढला आणि तिथं बसायला गेला. म्हाताऱ्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला, माझ्या जागेवर अंथरला आणि वर आपली गोणीची पिशवी ठेवली. काहीतरी बोलला, गडी पुढं सरकला. मला वाटलं, कुणासाठी धरलीय. मांजरसुंब्याला बस ठेचून भरली. माणसं दांडीला लोंबकळत होती आणि मधोमध ती एक जागा रिकामी, टॉवेल घातलेली. कंडक्टर ओरडला, "ओ मामा, पिशवी घ्या खाली, किती माणसं उभी हायत!" एक बाई लेकराला काखोटीला मारून त्याच्याजवळ उभी होती. लेकरू वर्षाचं असेल, झोपेत मान टाकलेली. म्हाताऱ्यानं पिशवी उचलली नाही. बाईकडे बघून, बसमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाला, "लेकरू घिऊन तिकडं बसा माय, मला खोकला हाय."

पुढच्या बाकड्यावरचं कुणीतरी उठलं, बाईला जागा झाली. मी मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसले होते. उठून परत जावं, टॉवेल बाजूला करून बसावं असं मनात आलं. आलं एवढंच.

नेकनूरला तो उतरला. आधी टॉवेल झटकला, घडी घातली, पिशवी सावरली. दारात पुन्हा उबळ आली तसा टॉवेल तोंडाशी धरून, बसकडे पाठ करून खोकला. मग त्या जागेवर शाळेची दोन पोरं दाटीवाटीनं बसली आणि बस सुटली.